वहीवर ‘अक्षर सुधारा’ असा शेरा लिहिणाऱ्या सगळ्या सर-मॅडमना खुलं पत्र

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

परवा माझ्या मुलीच्या जुन्या वह्या आवरायला काढल्या आणि आवरणं बाजूलाच राहिलं, पहिली ते चौथीच्या सगळ्या वह्या मी जमिनीवर बसून चाळत बसले. दर दोन-चार पानांनी लाल पेनात तेच. "अक्षर सुधारा." कधी "अक्षर सुधारणे", कधी "शुद्धलेखनाकडे लक्ष द्या", कधी शब्दाभोवती नुसताच लाल गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. चार वर्षं, चार वेगळ्या बाई, आणि शेरा एकच. सुधारायचं म्हणजे नक्की काय करायचं, कुठल्या अक्षरापासून सुरुवात करायची, हात कुठे चुकतोय, हे त्या चार वर्षांत तिला एकदाही कोणी सांगितलं नाही. मी पण नाही सांगितलं. मी घरी तोच शेरा तिला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि म्हणायचे बघ, बाई पण तेच म्हणतायत. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मी शिक्षिका नाहीये. मुलीमुळे या विषयात शिरले, मिळेल ते वाचत गेले, जाणकारांना विचारत गेले आणि गेली सहा वर्षं संध्याकाळी चार-पाच मुलांना घेऊन बसते, ज्यांना लिहिणं जड जातं अशा मुलांना. तुमच्या वर्गात पन्नास-साठ मुलं असतात, पोर्शन संपवायचा असतो, वरून कागदपत्रांची कामं असतात, हे मला माहितीये आणि म्हणून हे पत्र तक्रार म्हणून वाचू नका प्लीज. मला जे चार-पाच मुलांच्या शेजारी बसून दिसलं ते तुम्हाला साठ मुलांत दिसणं अवघड आहे, म्हणून ते लिहून पाठवतेय, एवढंच.

सगळ्यात आधी हे सांगायचंय की "लिहिणं" हे एक काम नाहीच. बाहेरून एक दिसतं, पण मूल लिहायला बसतं तेव्हा तीन कामं एकाच वेळी चालू असतात: हाताने अक्षर काढणं, शब्द कसा लिहायचा ते आठवणं, आणि काय सांगायचंय ते डोक्यात जुळवणं. आपल्याला मोठ्या माणसांना पहिल्या दोन कामांचा पत्ताच लागत नाही, ती आपोआप होतात, जसं चालताना पाय कसा टाकायचा याचा विचार आपण करत नाही. पण ज्या मुलाला ‘क्ष’ कुठून सुरू करायचा हे अजून आठवावं लागतं त्याचं सगळं लक्ष त्या ‘क्ष’मध्येच संपतं आणि वाक्य कुठे चाललं होतं ते हरवतं. व्हर्जिनिया बर्निंजर, स्टीव्ह ग्रॅहम यांच्यासारख्या संशोधकांनी हे बरीच वर्षं अभ्यासलंय आणि मुद्दा साधा आहे, डोक्यात एका वेळी मावतं ते थोडंच, त्यातलं बरंचसं हाताने आणि शुद्धलेखनाने खाल्लं तर विचाराला जागा उरत नाही. म्हणून तर तोंडी विचारलं की धडाधड उत्तर देणारं पोरगं पेपरात दीड ओळ लिहून थांबतं आणि आपण म्हणतो, येतं सगळं पण आळशी आहे. सर, मी या सहा वर्षांत आळशी म्हणून पाठवलेली बरीच मुलं बघितली आणि त्यातलं एकही मला आळशी सापडलं नाही, उलट एक ओळ लिहायला ती शेजारच्या हुशार मुलापेक्षा तिप्पट मेहनत करत होती.

मग शेरा लिहिताना आपण या तिन्हीची एकच मोळी बांधतो. अक्षर सुधारा. आणि उपाय पण एकच, वीस वेळा लिहून आण.

या वीस वेळा लिहून आणण्याबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय कारण घरोघरी सगळ्यात जास्त रडारड यावर होते. तुम्ही कधी मुलाला ‘विद्यार्थी’ हा शब्द वीस वेळा लिहिताना शेजारी बसून बघितलंय का? पहिल्या तीन ओळी तो शब्द लिहितो. चौथ्या ओळीपासून उभं लिहायला लागतो, म्हणजे आधी वरून खाली सगळे ‘वि’, मग सगळे ‘द्या’, मग सगळे ‘र्थी’. वही तुमच्याकडे येते तेव्हा वीस शब्द नीट रांगेत उभे असतात, पण त्याने तो शब्द सलग असा तीनदाच लिहिलेला असतो आणि उरलेला वेळ तो शिडी रंगवत होता. आणि जर तिसऱ्या ओळीत चूक झाली असेल तर तीच चूक पुढे सतरा वेळा पक्की होते. शिवाय शेवटच्या पाच ओळींचं अक्षर बघा, हात दुखल्यामुळे ते पहिल्या ओळीपेक्षा वाईट असतं, म्हणजे अक्षर सुधारायला दिलेल्या गृहपाठात अक्षर बिघडवायचाच सराव झाला.

त्यापेक्षा तोच शब्द एकदा नीट बघायला सांगा, मोठ्याने म्हणायला सांगा, मग हाताने झाकून न बघता लिहायला सांगा, मग उघडून स्वतःच तपासायला सांगा. इतकंच. दिवसाला चार किंवा पाच शब्द, ते पण त्याच्याच वहीतले, पुस्तकामागच्या यादीतले नकोत. आणि तोच शब्द उद्या परत, तीन दिवसांनी परत, पुढच्या आठवड्यात परत. थोड्या थोड्या दिवसांनी परत आठवलं की जास्त टिकतं हे हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्येच दाखवून दिलं होतं, म्हणजे हे काही नवीन फॅड नाहीये. यात एकूण लिहिणं कमी होतं, पण झाकून आठवताना डोकं जे काम करतं ते बघून उतरवताना करतच नाही.

आता हाताबद्दल. हात सुधारायचा म्हटलं की पहिल्यांदा सगळे पेन्सिलच्या पकडीवर येतात. मी पण आले होते, मुलीच्या बोटांना रबरी ग्रिप लावून झाली, रोज टोकून झालं. नंतर कळलं की पेन्सिल धरायच्या तीन बोटांच्या आणि चार बोटांच्या मिळून चार पद्धतींची तुलना चौथीतल्या मुलांवर झालेली आहे आणि वेगात किंवा वाचता येण्यात त्यांच्यात फरक पडला नव्हता. म्हणजे पकड पुस्तकातल्या चित्रासारखी नसेल तरी चालतं, बघायचं ते हे की हात दुखतोय का, बोटांची टोकं पांढरी पडतायत का, कागदाच्या मागच्या बाजूला अक्षरं उठतायत का, पेन्सिलचं टोक सारखं मोडतंय का. असं होत असेल तर मूल फार दाबून लिहितंय आणि दहा मिनिटांत ते थकणारच. अशा मुलाला मऊ शिशाची पेन्सिल द्या, टूबी वगैरे, आणि सांगा की मागच्या पानावर उठणार नाही असं लिहून दाखव. माझ्याकडच्या एका मुलाचा वेग फक्त या एका गोष्टीने वाढला.

आणि पाय बघा. खरंच, पाय. बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर अंग सावरण्यातच ताकद जाते. पायाखाली एखादा खोका सरकवला, कोपर टेबलावर सहज टेकेल एवढी उंची मिळाली, दुसऱ्या हाताने कागद धरला की अर्धं काम होतं. डावखुऱ्या मुलांचं तर वेगळंच, साधारण दहातलं एक मूल डावखुरं असतं पण कागद कसा ठेवायचा हे त्याला कोणी सांगत नाही आणि मग ते मनगट वाकवून, वरून हात वळवून लिहितं आणि लिहिलेलं स्वतःच्याच हाताने पुसत जातं. त्याचा कागद उजवीकडे तिरका करा, म्हणजे बाकीच्या मुलांच्या उलट, पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगा आणि त्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर टक्कर होते.

अजून एक गोष्ट जी कळल्यावर मला धक्काच बसला होता. आपण अक्षर सुधारायला म्हणून मुलांना माती मळायला लावतो, मणी ओवायला लावतो, बोटांचे व्यायाम देतो. हे सगळं चांगलंच आहे, लहान मुलांनी करावं पण. मात्र २०१६ साली ग्रॅहम आणि तान्या सँटँजेलो यांनी अक्षराच्या शिकवण्यावरचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले तेव्हा नुसत्या हाताच्या व्यायामांनी अक्षर सुधारल्याचं दिसलं नाही, अक्षर शिकवल्याने अक्षर सुधारलं, आणि नुसतं अक्षरच नाही तर मुलांनी लिहिलेला मजकूर पण जास्त लांब आणि जास्त चांगला झाला. म्हणजे अक्षर समोर बसून शिकवावंच लागतं. आणि थोड्या दिवसांत होत नाही, साधारण वीस बैठकांपेक्षा कमीत फरक दिसत नाही असं अभ्यासकांना आढळलंय, त्यामुळे चार दिवस केलं आणि फरक नाही म्हणून सोडलं असं करू नका. बैठक दहा-पंधरा मिनिटांची पुरते.

शिकवायचं कसं, तर वर्णमालेच्या क्रमाने नाही. हाताला क ख ग घ हा क्रम कळत नाही, हाताला वळण कळतं. ग म भ न एकत्र, व ब क एकत्र, प ष फ एकत्र, ट ठ ढ एकत्र, ही पद्धत तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, पण ती पहिलीत संपते आणि पाचवीतल्या अडलेल्या मुलाला परत कोणी तिथे नेत नाही. न्यायला हवं. लाज न वाटता नेता येतं, फक्त ‘बालवाडीचं काढलं’ असं वर्गासमोर म्हणायचं नाही.

आता शिरोरेषेची गंमत बघा. ध, भ आणि थ या तिघांच्या डोक्यावरची रेघ अर्धवट तुटते, आणि घ, म, य यांच्यावर ती पूर्ण जाते. बरीच मुलं वेळ वाचवायला सगळी ओळ आधी बिनरेघेची लिहितात आणि मग पट्टी फिरवल्यासारखी एकच लांब रेघ मारतात. झालं, ‘धरून’चं ‘घरून’ होतं, ‘भाऊ’चं ‘माऊ’ होतं, आणि शब्दांमधली जागाही गायब होते. तुम्ही शुद्धलेखनाची चूक म्हणून गोल करता, पण त्या मुलाला ‘धरून’ कसं लिहायचं हे पक्कं माहितीये, चुकली ती रेघ. माझ्या मुलीच्या तिसरीच्या वहीत एका पानावर असे सात गोल सापडले. सातही एकाच रेघेचे. रेघ शब्द संपला की मारायची, ओळ संपल्यावर नाही, एवढं एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर ते सात गोल पडले नसते. तसंच पहिल्या वेलांटीचं. ती बोलताना अक्षरानंतर येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी, त्यामुळे अडखळणारं मूल आधी ‘क’ काढतं आणि मग मागे वळून वेलांटी कोंबतं, जागा नसते म्हणून ती आधीच्या अक्षरावर चढते, आणि पान गिचमीड दिसतं. हे वही तपासून कळत नाही हो. वहीत फक्त गिचमीड दिसते. लिहिताना बघितलं तरच कळतं की हात मागे जातोय.

शुद्धलेखनाबद्दल माझं म्हणणं असं आहे की सगळ्या चुका एकाच लाल रंगाच्या नसतात. एखाद्या मुलाच्या वहीतल्या वीस-पंचवीस चुका एका कागदावर उतरवून काढा, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्या कशा पडतात ते बघा. काही चुका कानाच्या असतात: मुलगा ‘कर्तो’, ‘बोल्तो’ लिहितो कारण आपण सगळे तसंच बोलतो, ‘द्न्यान’ लिहितो कारण ‘ज्ञान’ तसंच ऐकू येतं. त्याने नीट ऐकून लिहिलंय, ही मेहनत आहे, त्याला सांगायचं की ऐकलंस बरोबर पण लिहायची पद्धत अशी. काही चुका घरच्या बोलीच्या असतात, ज्या घरात ‘पानी’ आणि ‘व्हतं’ म्हणतात तिथलं मूल तेच लिहिणार, आणि त्यावर वर्गात हसू आलं ना सर, की ते मूल पुढे लिहितच नाही, माहीत असलेले सोपे चार शब्द धरून बसतं. घरची बोली चूक नाहीये, पुस्तकात वेगळं लिहितात इतकंच त्याला कळायला हवं.

आणि काही चुका नियमाच्या असतात, त्या मला सगळ्यात आवडतात कारण एक नियम कळला की पन्नास शब्द एकदम सुटतात. मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत १८ च, १४ नियम १९६२ चे आणि ४ नंतर १९७२ ला जोडलेले, आणि अडलेल्या मुलाला त्यातले तीन-चार आले तरी वहीतले निम्मे गोल जातात असा माझा अनुभव आहे. शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार दुसरा, म्हणजे पाणी, वही, पेरू, गुरू, अपवाद म्हणून ‘आणि’ लक्षात ठेवायचा. मग फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला, बहीण पण बहिणीला, वीट पण विटेला, म्हणजे शब्द पुढे वाढला की आधीचं दीर्घ ऱ्हस्व होतं. हे मी मुलांना नियम म्हणून सांगतच नाही, चिठ्ठ्यांवर शब्द लिहून देते आणि म्हणते जोड्या लावा आणि काय बदललं ते तुम्हीच शोधा. एका मुलीने शोधून काढल्यावर इतक्या जोरात "ताई, शेपूट आली की लहान होतं!" म्हणून ओरडली की तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नावच शेपटीचा नियम पडलंय. शरीर-शरीराला, गीत-गीताला असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तसे वागत नाहीत, पण ते नंतर, वेगळ्या पानावर, आधी नियम हातात बसू द्या.

‘र’चं पण तसंच. सूर्यातला, प्रकाशातला, ट्रकातला आणि दुसऱ्यातला, एकच ‘र’ चार वेषांत येतो. हे चारही एका दिवशी समोर ठेवून दाखवले तर मुलांना मजा येते, नाहीतर वर्षानुवर्षं ते ‘दुसर्या’ आणि ‘सुर्य’ असं अंदाजाने लिहीत राहतात. फक्त एका आठवड्यात एकच गोष्ट. शेपटीचा नियम चालू आहे तर त्या आठवड्यात त्याच चुका दाखवा, बाकीच्या दिसल्या तरी सोडून द्या. मला माहितीये हे तुम्हाला जड जातं, चूक दिसतेय आणि सोडायची कशी, पालक काय म्हणतील वही तपासलीच नाही. पण एका पानावर तीस लाल गोल बघून कोणतंही मूल तीस गोष्टी शिकत नाही. ते वही मिटून दप्तरात टाकतं.

आता ओघाने लिहिण्याबद्दल, आणि इथे मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय. जे मूल लिहायला घाबरतं ते लिहीत नाही, लिहीत नाही म्हणून हात बसत नाही, हात बसत नाही म्हणून अजून घाबरतं. हे कुठेतरी तोडायला लागतं. मी तोडते बोलण्याने. निबंध लिहायच्या आधी मूल मला ते सगळं बोलून दाखवतं, मी मध्ये फक्त "मग काय झालं" विचारते. मग पहिलं वाक्य तोंडाने दोनदा म्हणायचं, आणि म्हटलेलंच लिहायचं. वाक्य तोंडात तयार असलं की हाताला फक्त उतरवायचं राहतं, तीन कामांतलं एक आधीच उरकलेलं असतं. फारच अडलेलं मूल असेल तर सुरुवातीला ते सांगतं आणि मी लिहून घेते, मग तेच ते वाचतं, आणि आपल्या डोक्यातलं इतकं सगळं कागदावर आलेलं बघून त्याचा चेहरा जो होतो ना, तो एकदा तरी तुम्ही बघाच.

दुसरं म्हणजे रोज दहा मिनिटं असं लिहिणं ज्यावर लाल पेन फिरणार नाही. विषय काहीही. चुकलेला शब्द खोडायचा नाही, अडला तर जसा ऐकू येतो तसा लिहून खाली रेघ मारून पुढे जायचं. शेवटी मुलाने स्वतः शब्द मोजायचे आणि वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहायचा, तुलना फक्त स्वतःच्या कालच्या आकड्याशी. अकरा शब्दांवरून सुरू झालेला मुलगा तीन महिन्यांत साठच्या वर गेला, आणि मधल्या काळात मी त्या पानांवर एकही चूक दाखवली नव्हती. चुका आम्ही वेगळ्या दिवशी बघायचो, त्यातलंच एक पान निवडून, तो निवडेल ते.

वाक्यं जोडायचा खेळ पण खूप कामाचा आहे. "पाऊस आला. आम्ही पळालो. छत्री घरी राहिली होती." या तीनचं एक वाक्य करा, मग दुसऱ्या प्रकारे करा. ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या मुलांवरचे लेखनाचे अभ्यास एकत्र मांडले होते, त्यात अशी वाक्यं जोडण्याने मुलांच्या लिहिण्याचा दर्जा सुधारलेला दिसला आणि नुसतं सुटं व्याकरण शिकवण्याने सुधारलेला दिसला नाही. हा खेळ फळ्यावर पाच मिनिटांत होतो, साठ मुलांत पण होतो.

फळ्यावरून आठवलं, फळ्यावरून उतरवून घेणं हे लिहिण्याचा सराव नाहीये हो. अडलेलं मूल एकेक अक्षर बघून उतरवतं, मान वर, मान खाली, परत जागा शोधा, आणि तोवर तुम्ही फळा पुसलेला असतो. वही अपूर्ण म्हणून मधल्या सुट्टीत बसवलं जातं. त्याला छापील कागद द्या, किंवा निम्मं भरलेलं द्या आणि महत्त्वाचे शब्दच लिहू द्या. आणि फक्त फळ्यावरून उतरवतानाच चुका होत असतील, पुस्तकातून बरोबर येत असेल, तर आधी डोळे तपासायला सांगा.

मार्कांबद्दल एक विनंती. तोच मजकूर खराब अक्षरात असला की तपासणारा कमी मार्क देतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय आणि यात तपासणाऱ्याची दुष्टाई नसते, वाचायला त्रास होतो म्हणून नकळत होतं. म्हणून मजकुराचे मार्क वेगळे, शुद्धलेखनाचे वेगळे, अक्षराचे वेगळे असं जमेल तिथे करा. इतिहासाच्या, विज्ञानाच्या पेपरात तर अक्षराचे मार्क कापूच नका. आणि शेरा लिहायचाच असेल तर पहिली ओळ मजकुराबद्दल. माझ्या मुलीला पाचवीत एका बाईंनी लिहिलं होतं, "मांजर पत्र्यावरून उतरलं का नाही ते मला कळायलाच हवं, पुढचं लिही. ध आणि भ ची रेघ तोडायला विसरू नकोस." तिने आपणहून मला आणून दाखवलेली ती पहिली वही. आणि पुढचं तिने दोन पानं लिहिलं होतं.

हे सगळं नीट करून, वीस-तीस बैठका होऊनही फरकच पडत नसेल, बोलणं आणि लिहिणं यात जमीन-अस्मानाचा फरक असेल, वाचतानाही अडत असेल, हात सतत दुखत असेल किंवा बटण लावणं, बूट बांधणं, चेंडू झेलणं पण जड जात असेल, तर पालकांना तपासणी करून घ्यायला सांगा. डिस्लेक्सिया म्हणजे वाचण्यातली अडचण असेल, डिस्ग्राफिया म्हणजे लिहिण्यातली अडचण असेल, हाता-अंगाच्या हालचाली जुळवायचीच अडचण असेल, जी ५ ते ६ टक्के शाळकरी मुलांमध्ये असते, म्हणजे साठच्या वर्गात तीन मुलं. सांगताना "तुमच्या मुलात काहीतरी आहे" असं नका म्हणू, "त्याला लिहायला नक्की कुठे जड जातंय ते शोधू या" असं म्हणा, आई-बाप ऐकतात. मला तसं कोणी म्हणालं असतं तर मी पण ऐकलं असतं, दोन वर्षं आधी.

शेवटचं मागणं छोटं आहे. साठ मुलांचं तुम्हाला जमणार नाही, मला कळतं. एकच मूल निवडा. ते ओळखायचं पण सोपं आहे, लिहायला सांगितलं की जे पेन्सिलला टोक करायला उठतं, मग पाणी प्यायला, मग परत टोक करायला, ते. उद्या ते तिसऱ्यांदा उठलं की ओरडू नका, त्याच्या शेजारी जाऊन दोन मिनिटं बसा आणि त्याला एक ओळ लिहिताना बघा. वहीकडे नका बघू, हाताकडे बघा.

आपली,
एका मुलीची आई